सिलेक्ट न झालेले फोटो

ग्वाल्हेरच्या एका फोटोग्राफरने विचारलंय, त्यांचा प्रश्न आधी थोडक्यात लिहितो म्हणजे पुढचं नीट लागेल. वय 43, शहरातल्या लष्कर भागात स्वतःचा स्टुडिओ, 18 वर्षं लग्नाची फोटोग्राफी, 9 जणांची टीम, पुढच्या सीझनच्या तारखा आत्ताच भरल्यात. पैशाची ददात नाही. पण गेल्या तीन वर्षांत स्वतःसाठी म्हणून एकही फोटो काढलेला नाही, शूटवर हात आपोआप चालतो आणि घरी आल्यावर कॅमेरा बॅगेतून काढावासाही वाटत नाही. तर स्टुडिओ टीमवर सोपवून काहीतरी वेगळंच सुरू करावं का, एखादा कोर्स करावा का, की मीडियम फॉरमॅट (मोठ्या सेन्सरचा महागडा कॅमेरा) घेतला तर परत मजा येईल?

मी बडोद्याचा. दांडिया बाजारात स्टुडिओ आहे, वय 58, लग्नांची कामं 1991 पासून करतोय आणि त्याआधी चार वर्षं काकांच्या डार्करूममध्ये ट्रे हलवलेत. तुम्ही लिहिलंय ते सगळं मी 2012-13च्या सुमाराला भोगलंय म्हणून जरा लांबलचक लिहितो, वेळ काढून वाचा.

तुम्ही म्हणताय की क्रिएटिव्हिटी संपली. मला तसं वाटत नाही. तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं, "मंडपात शिरलो की कुठे उभं राहायचं ते पायांना माहीत असतं." बघा, ही तक्रार नवशिक्याची असूच शकत नाही. 18 वर्षं लोकांनी तुम्हाला पैसे दिले ते तुम्हाला जे येतं त्याचे दिले. प्रत्येक लग्नात तीन-साडेतीन हजार फ्रेम काढायच्या, त्यातून सातशे क्लायंटला द्यायच्या, दीडशे अल्बममध्ये लावायच्या. म्हणजे दर लग्नाला तुम्ही चाळणी धरता आणि काय ठेवायचं, काय टाकायचं ते ठरवता. धंदा जसजसा चालायला लागतो तसतशी ती चाळणी बारीक होत जाते, मग एक दिवस ती कॉम्प्युटरवरून उठून डोळ्यात येऊन बसते आणि जे विकलं जाणार नाही ते डोळ्याला दिसायचंच बंद होतं. कंटाळा येतो तो तिथून. कुतूहल कुठे गेलेलं नसतं, चाळून टाकलेल्या कोंड्यात पडलेलं असतं.

हे मी नंतर शिकलो. आधी काय चुकलं तेही सांगतो, पण त्याच्याही आधी एक गोष्ट, कारण सगळ्यांना एकच उत्तर लागू होत नाही.

थकवा, कंटाळा आणि उदासी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आतून तिन्ही सारख्याच वाटतात. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये 40 दिवसांत 25 लग्नं केलेल्या माणसाने "मला काही सुचत नाही" म्हटलं तर त्याला आधी झोप पाहिजे. सीझननंतर तीन आठवडे कॅमेऱ्याला हात लावू नका, जेवण-झोप वेळेवर ठेवा. तेवढ्यात हात आपणहून बॅगेकडे गेला तर तो थकवा होता, माझं बाकीचं उत्तर नाही वाचलं तरी चालेल. पण झोपच लागत नाही, जेवणात चव नाही, मुलांशी बोलायचाही त्रास होतो, असं असेल तर कृपा करून डॉक्टरला दाखवा, हा विषय मग फोटोग्राफीचा उरत नाही. आमच्या धंद्यातल्या एका मित्राने दोन वर्षं त्याला "क्रिएटिव्ह ब्लॉक" म्हटलं आणि लेन्स बदलत राहिला, उपचार फार उशिरा सुरू झाले. अजून वाईट वाटतं मला त्याचं.

दुसरं म्हणजे पैसा. तुमच्यावर कर्ज किती, 9 जणांचे पगार कसे निघतात, मुलं कितवीत, हे तुम्ही लिहिलेलं नाही. माझ्यावर त्या वेळी दुकानाचं लोन होतं आणि मुलगी बारावीत होती, म्हणून मी धंदा सोडायचा विचारसुद्धा केला नाही, आणि आज मागे वळून बघताना वाटतं की ते बरंच झालं. तुमच्याकडे दोन वर्षांचा खर्च बाजूला असेल तर तुमचा हिशोब वेगळा होऊ शकतो.

आता माझी गोष्ट. 2012 मध्ये माझ्याकडे दोन टीम होत्या, एनआरआय लग्नं यायला लागली होती, लक्ष्मी विलास पॅलेसपुढे जोडप्याला कसं उभं करायचं, ओढणी कुठून उडवायची, सगळं ठरलेलं. एका संध्याकाळी असंच एक शूट चालू होतं आणि माझ्या लक्षात आलं की मी व्ह्यूफाइंडरला डोळा लावून दुसऱ्या दिवशीच्या टेम्पोचा हिशोब करतोय. फोटो चांगले आले. क्लायंट खूष. मला मात्र घरी येईपर्यंत घशात काहीतरी अडकल्यासारखं होत होतं.

त्यावर मी जे केलं ते साधारण सगळेच करतात. नवीन कॅमेरा बॉडी घेतली, दोन प्राइम लेन्स (झूम न होणाऱ्या) घेतल्या. दोन महिने उत्साह राहिला, मग त्याच जागी उभं राहून तेच फोटो, फक्त जास्त शार्प. मग 2014 च्या पावसाळ्यात, इथे काम नसतं तेव्हा, लडाखला गेलो. 11 दिवस, 2,300 फोटो. घरी येऊन बघितले तर पँगाँगचं निळं पाणी, गोम्पाच्या, म्हणजे बौद्ध मठाच्या पायऱ्यांवर लाल कपड्यातला लामा, वळणावळणाचा रस्ता. एकही वाईट नव्हता आणि एकही माझा नव्हता. जागा बदलली होती पण चाळणी सोबतच नेली होती. कोणी मला सांगितलं की जरा फिरून ये, डोकं फ्रेश होईल, तर मी आता एवढंच म्हणतो, फिरून जरूर या पण त्याच्याकडून दुसरी अपेक्षा ठेवू नका.

वळण आलं ते अगदी साध्या कामातून. 2015 च्या कमुरत्यात (तुमच्याकडे खरमास म्हणतात, डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत लग्नं नसतात) हार्ड डिस्क भरल्या म्हणून जुना डेटा उडवायला बसलो. डिलिव्हर झालेलं ठेवायचं, रिजेक्ट उडवायचं. उडवण्याआधी सहज चाळत होतो आणि चाळता चाळता थांबलो. 2006 पासूनच्या रिजेक्टमध्ये एकाच प्रकारचे फोटो परत परत येत होते. रिकामा मंडप. पाठवणी झाल्यावर, पाहुणे गेल्यावर, लाइट अर्धे बंद, खुर्च्या वेड्यावाकड्या, झेंडू पायाखाली. 9 वर्षांत असे 41 फोटो होते. कोणी मागितले नव्हते, अल्बमला उपयोग नव्हता, फ्लॅश बॅगेत गेल्यावर काढलेले म्हणून निम्मे हललेले. मी ते काढल्याचं मला आठवतसुद्धा नव्हतं. पण 9 वर्षं कोणीतरी माझ्या हातून सामान भरता भरता एक फ्रेम काढत होतं, आणि प्रत्येक वेळी मीच तो फोटो बाद करत होतो.

त्या रात्री मी वहीत एक प्रश्न लिहिला. ज्या जागेवर दोन तासांपूर्वी मुलीची पाठवणी झाली, ती जागा परत साधं मैदान व्हायला किती वेळ लागतो? मला खरंच माहीत नव्हतं. 24 वर्षं लग्नांत घालवून माहीत नव्हतं. तुम्हाला माझं म्हणणं एका ओळीत सांगायचं तर हेच, तुम्हाला असा एक प्रश्न पाहिजे ज्याचं उत्तर तुम्हाला येत नाही, आणि तो बाहेर शोधू नका, तुमच्या टाकलेल्या फोटोंत बघा.

मग मी प्रत्येक तिसऱ्या-चौथ्या लग्नाला टीमला घरी पाठवून मागे थांबायला लागलो. उत्तर मिळालं, एका पार्टी प्लॉटवर (लग्नासाठी भाड्याने मिळणारं मैदान) 400 माणसांच्या लग्नाचा मंडप 11 जणांनी 3 तास 10 मिनिटांत उतरवला. आधी लाइटवाला, कारण त्याला दुसरीकडे पोचायचं असतं. मग फुलं, ती ओरबाडून पोत्यात. मग कापड, मग पाइप आणि बांबू, आणि शेवटी खालचं कार्पेट गुंडाळत नेतात तेव्हा खालची दबलेली माती दिसते. पहाटे चारला टेम्पो निघतो आणि सातला तेच कापड दुसरीकडे बांधायला घेतात.

पण फोटो? पहिलं वर्षभर फोटो वाईट आले. हे मुद्दाम सांगतोय कारण इथेच लोक सोडून देतात. मी कामगारांचे फोटो लग्नासारखेच काढत होतो, चेहरा शोध, हावभाव शोध, मोमेंट पकड, आणि कॅमेरा बघितला की ते बिचारे हातातलं काम टाकून सरळ उभे राहायचे. एकदा छोटा उदेपूरकडचे एक वयस्क कारागीर मला म्हणाले, आमचा काय काढता साहेब, कापडाचा काढा, नवीन आहे. मी कापडाकडे बघायला लागलो. दोघं जण वीस फुटी कापडाची दोन टोकं धरतात, एकमेकांकडे चालत येतात, टोकं जुळवतात, परत मागे जातात, परत येतात. एक शब्द न बोलता. माझ्या चाळणीतून तो फोटो कधीच पास झाला नसता कारण त्यात दोघांचेही चेहरे कापडामागे असतात. त्या दिवसापासून पुढे मला काहीतरी दिसायला लागलं. मनासारखं काम व्हायला त्यानंतरही दीड वर्ष लागलं.

या रिजेक्टच्या गोष्टीवर माझा एवढा विश्वास का बसला, तर नंतर मी आपल्याच भागातल्या मोठ्या माणसांकडे त्या नजरेने बघितलं. दादासाहेब फाळके घ्या. आपल्या मराठी घरांत त्यांचं नाव चित्रपटामुळे माहीत असतं, पण ते फोटोग्राफी शिकले ती आमच्या बडोद्याच्या कलाभवनात, सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये सुरू केलेल्या संस्थेत. मग गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला, तिथे प्लेगात बायको आणि मूल गेलं, स्टुडिओ बंद पडला. मग पुरातत्त्व खात्यात नोकरी, मग छपाईचे ब्लॉक (ठसे) करायचं आणि छपाईचं काम, त्यात नाव झालं, रंगीत छपाई शिकायला जर्मनीला जाऊन आले. मग भागीदारी मोडली आणि तो चालता धंदा सुटला. पहिला चित्रपट 1913 मध्ये लोकांपुढे आला तेव्हा ते 43 वर्षांचे होते, तुमच्याच वयाचे. आणि त्यात काय काय कामाला आलं बघा, फोटोग्राफी, केमिकलचं ज्ञान, नाटकांसाठी रंगवलेले पडदे, हौशीने शिकलेली जादू. एकेका टप्प्यावर बाजूला पडलेलं सगळं तिथे परत उपयोगी आलं.

मला त्यांची सगळ्यात आवडती गोष्ट मात्र वाटाण्याची आहे. लंडनहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी लगेच मोठा चित्रपट नाही सुरू केला. कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभर रोज थोडं थोडं चित्रण करत राहिले, म्हणजे पडद्यावर दोन मिनिटांच्या आत रोप वाढताना दिसतं. भांडवल घालणाऱ्याला दाखवायला ते उपयोगी पडलंच, पण विचार करा, चाळिशी ओलांडलेला, एका धंद्यात नाव कमावलेला माणूस रोज कुंडीसमोर बसतोय. तुम्हाला सुरुवात करायची असेल तर ती एवढीच असू दे. कुंडीएवढी.

"धंदा सोडू का" याचं उत्तर पण इथेच देतो. चित्रकार भूपेन खख्खर चार्टर्ड अकाउंटंट होते. 1962 मध्ये बडोद्याला आले, चित्रं काढायला लागले, आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं अर्धवेळ हिशोबाची नोकरी करत राहिले. 1970च्या दशकात त्यांनी न्हावी, शिंपी, घड्याळ दुरुस्त करणारा अशी माणसं रंगवली, ज्यांच्याकडे तोवर चित्रकारांचं फारसं लक्ष गेलं नव्हतं. ज्योती भट्ट आमच्या फाइन आर्ट्स फॅकल्टीतले चित्रकार आणि मुद्राचित्रकार (ठशावरून चित्रं छापणारे, म्हणजे प्रिंटमेकर), त्यात त्यांचं नाव झालेलं होतं, आणि 1960च्या दशकाच्या शेवटी कॅमेरा घेऊन गुजरातच्या खेड्यांत गेले ते भिंतींवरची चित्रं, रांगोळ्या, मातीची कोरीव कामं टिपायला. पुढे कितीतरी वर्षं ते करत राहिले. त्यांनी प्रिंटमेकिंग सोडलं नाही. उलट एकाच्या डोळ्याने दुसऱ्याकडे बघत राहिले.

सोडणारे पण असतात. फ्रान्सचा प्रसिद्ध फोटोग्राफर ऑन्री कार्तिए-ब्रेसाँने 1970च्या दशकात कॅमेरा जवळजवळ बाजूला ठेवला आणि पेन्सिल धरली. पण तरुणपणी तो चित्रकलाच शिकला होता, तेव्हा मागे राहिलेलं तेच त्याने परत हातात घेतलं. म्हणून मी तुम्हाला स्टुडिओ टीमवर सोपवून टाका असं सांगणार नाही. निदान पहिली दोन वर्षं नाही. स्टुडिओ सोडला की नव्या कामावर पोट भरायची जबाबदारी येते, आणि ती आली की पहिल्या महिन्यापासूनच तुम्ही विकलं जाईल ते शोधायला लागता. परत चाळणी.

कोर्सचं म्हणाल तर करा, पण सर्टिफिकेटसाठी नको, आणि जे तुम्हाला अर्धं येतं त्याचा तर नकोच नको. मी 2018 मध्ये फाइन आर्ट्सच्या एका 24 वर्षांच्या मुलीकडून सायनोटाइप शिकलो. फोटो छापायची जुनी पद्धत आहे, 1842 मध्ये जॉन हर्शेलने शोधलेली, कॅमेऱ्याशिवायसुद्धा होते. फेरिक अमोनियम सायट्रेट 25 ग्रॅम 100 मिली पाण्यात, पोटॅशियम फेरीसायनाइड 10 ग्रॅम दुसऱ्या 100 मिलीत, दोन्ही सारखं घेऊन मंद उजेडात मिसळायचं, कागदाला किंवा कापडाला लावायचं, अंधारात सुकवायचं, वर निगेटिव्ह ठेवून उन्हात धरायचं आणि साध्या पाण्यात धुवायचं. निळा प्रिंट येतो. ऐकायला इतकं सोपं, आणि माझे पहिले 11 प्रिंट पाण्यात वाहून गेले. कारण मी अंदाजाने एक्स्पोजर देत होतो, आणि माझा अंदाज म्हणजे 27 वर्षांचा अंदाज, मीटर न बघता सांगतो मी किती द्यायचं ते. पण हे केमिकल उठतं अतिनील किरणांनी आणि माझा डोळा तयार झालाय दिसणाऱ्या उजेडावर. ढगाळ दुपारी मला वाटायचं भरपूर उजेड आहे, प्रिंट कच्चा निघायचा. मे महिन्याच्या उन्हात आमच्या गच्चीवर 7-8 मिनिटांत होतं तेच पावसाळ्यात अर्धा तास ठेवलं तरी पुरत नाही.

ती मुलगी मला काका म्हणायची पण चूक झाली की सरळ सांगायची, काका, घाई करताय. कित्येक वर्षांत मला कामातली चूक कोणी सांगितलीच नव्हती. टीमची पोरं सांगत नाहीत, पगार मी देतो ना. क्लायंट सांगत नाही कारण त्याला चांगलंच वाटतं. नाव झाल्यावर हे सगळ्यात मोठं नुकसान होतं असं माझं ठाम मत आहे, चूक दाखवणारं माणूस आजूबाजूला उरत नाही. आठवड्यातून एक दुपार मी तिच्याकडे ट्रे धुवायला जायचो आणि घरी येताना मला 20 वर्षांचा असताना काकांकडून घरी चालत यायचो तसं वाटायचं, हातांना वास आणि डोक्यात उद्या काय करून बघायचं ते.

मग अर्थात मंडपाचे फोटो मंडपाच्याच कापडावर छापायचं डोक्यात आलं. ते जमलं नाही, कारण हल्लीचं मंडपाचं कापड पॉलिएस्टर असतं आणि हे केमिकल सुती, लिनन, रेशीम असल्या नैसर्गिक धाग्यालाच नीट धरतं. दोन महिने मी धडपडलो. शेवटी आईच्या जुन्या सुती लुगड्यांचे तुकडे घेतले, तिनेच दिले. एका तुकड्यावर ते दोघं घडी घालणारे, चेहरे कापडामागे, आणि खाली लुगड्याचा काठ. असे 16 प्रिंट आहेत. (कोणी करणार असाल तर असं कापड धुवायच्या पावडरने धुवू नका, अल्कलीने निळा रंग उडतो.)

पोटाच्या कामावर काय परिणाम झाला ते तुम्ही नक्की विचाराल. मी फ्लॅश कमी केला, मंडपात आहे त्या उजेडावर जास्त काम करायला लागलो, अल्बममध्ये माणसं नसलेली दोन-तीन पानं टाकायला लागलो. काही घरांना आवडलं नाही, एकाने स्पष्ट सांगितलं की रिकाम्या खुर्च्यांचे पैसे आम्ही देणार नाही, आणि मला ते पान बदलून द्यावं लागलं, त्यांचंही बरोबर होतं. पण वारसियाकडच्या एका घरात नवरीच्या आईने उतरवलेल्या मंडपाचा फोटो मोठा करून मागितला. म्हणाली, सगळे गेल्यावर मी तिथेच बसले होते, तुम्ही मला बघितलं असेल. मी नव्हतं बघितलं. फोटो नीट बघितला तर डाव्या कोपऱ्यात अंधारात होती ती, पाकिटांची पिशवी मांडीवर घेऊन.

आता थोडं व्यवहाराचं, कारण नुसत्या गप्पांनी काही होत नाही. मी दर सीझनला एका लग्नाचा पैसा बाजूला काढतो, त्याच्यातून हे सगळं चालतं, केमिकल, कागद, पेट्रोल, आणि तो पैसा परत यावा अशी अपेक्षा ठेवत नाही. घरी बायकोशी आधी बोलून हे ठरवलं होतं आणि तिने एकच अट घातली, मुलीच्या फीच्या महिन्यात हात लावायचा नाही. तुम्ही पण घरी स्पष्ट बोला, लपून केलेल्या खर्चाची टोचणी लागते आणि मग फोटो काढताना सुद्धा ती डोक्यात राहते. वेळेचं म्हणाल तर मला मंगळवार बरा पडला, त्या दिवशी लग्नं कमी असतात आणि लॅबची गडबड नसते. तुमच्याकडचा हिशोब वेगळा असेल, पण वार ठरलेला पाहिजे. मोकळा वेळ मिळाला की करू म्हणालात तर तो 9 जणांच्या टीमवाल्याला मिळत नाही.

आणि एक वर्ष तरी हे फोटो इन्स्टाग्रामवर टाकू नका. याबद्दल मी फार आग्रही आहे. सुरुवातीला मी चार टाकले होते, त्यातल्या एकाला खूप लाइक आले, लाल कार्पेटवर झेंडू असा होता तो, आणि पुढचे तीन महिने मी नकळत झेंडूच काढत बसलो. लोकांची चूक नाही. पण कच्च्या कामाला बाजार दाखवला की ते लगेच बाजारासारखं वागायला लागतं. दाखवायचंच असेल तर दोन-तीन माणसांना कागदावर प्रिंट काढून दाखवा, ती तुमच्यासमोर काय बघतात, कुठे थांबतात ते कळतं.

मीडियम फॉरमॅटचं लगेच सांगतो. सध्या नको. प्रश्न सापडला की त्याला कुठलं हत्यार लागतं ते तो प्रश्नच सांगतो, मला तर शेवटी लुगडं आणि ऊन लागलं.

मात्र हे एकदा झालं की कायमचं सुटलात असं समजू नका. 2020 मध्ये लग्नं थांबली, मंडपवाले गावी गेले, त्यातले काही परत आलेच नाहीत, आणि 2021 च्या शेवटी माझ्या लक्षात आलं की मंडपाचं काम संपलंय, आता काढतोय ते माझ्याच फोटोंची नक्कल आहे. इथे थांबायला मला फार जड गेलं, कारण एव्हाना दोन-चार लोक मला "मंडपवाले" म्हणून ओळखायला लागले होते, म्हणजे नवीन कामाला पण चाळणी लागली होती. त्यानंतर 14 महिने काहीच नव्हतं. मंगळवारी मी स्टुडिओत बसायचो, ट्रे धुवायचो, जुनी निगेटिव्ह पुसायचो. अस्वस्थ व्हायचो पण पहिल्यासारखा घाबरलो नाही, कारण बघायचं कुठे ते माहीत होतं.

इंदूरला विष्णू चिंचाळकर गुरुजी होते, त्यांचं काम मिळेल तिथे बघा. पोर्ट्रेटमध्ये हात बसलेला चित्रकार, आणि पुढे वाळकी पानं, काटक्या, फुटक्यातुटक्या वस्तू उचलून त्यात पक्षी, माणसं, चेहरे बघत राहिले. त्यांच्या हातात आलेली काटकी काटकीच राहायची, नुसती जराशी फिरवून ठेवायचे. त्या 14 महिन्यांत मला त्यांची फार मदत झाली. मी माझ्या फेकायच्या टेस्ट स्ट्रिप (एक्स्पोजर तपासायच्या पट्ट्या), कच्चे राहिलेले, पाण्याचे डाग पडलेले सायनोटाइप एका डब्यात भरून ठेवले होते, तो डबा उघडला. सध्या त्याच्यावर काम चाललंय, सव्वादोन वर्षं झाली, अजून त्याला नाव द्यावं असं काही झालेलं नाही.

तुम्ही काय करा, यंदाच्या खरमासात सगळ्यात जुनी हार्ड डिस्क काढा, शक्यतो धंदा मोठा व्हायच्या आधीची. डिलिव्हर झालेलं बघू नका. रिजेक्ट उघडा आणि रोज एक लग्न, एवढंच चाळा, चांगले-वाईट ठरवू नका, जे परत परत येतंय त्याचा फक्त एक वेगळा फोल्डर करा. माझे मंडप होते, तुमचं कदाचित जेवणाच्या पंगतीतलं काहीतरी असेल, मुलांचं असेल, बँडवाल्यांचं असेल, मला काय माहीत. साधारण 25-30 लग्नं झाली की फोल्डर आपोआप बोलायला लागतो. संक्रांतीपर्यंत तेवढं होतं. आणि रिजेक्ट तुम्ही दरवर्षी उडवत असाल तर आधी टीममधल्या सगळ्यांना विचारा, एखाद्या पोराच्या लॅपटॉपवर जुना बॅकअप राहिलेला असतो. माझे 2009 चे तसेच मिळाले.